वस्त्रांची सक्ती आणि वस्त्रांची शिस्त

विवाह, सभा, उपोसथ, अंत्ययात्रा अशा सामाजिक प्रसंगी कोणी कोणती वस्त्रे परिधान करावीत, याविषयीचे संकेत जगातील बहुतेक सर्व समाजांत आढळतात. श्रीलंकेतील उपासक-उपासिका पोयाच्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून विहारात जातात. व्हिएतनाममध्ये हाच शुभ्र रंग शोकाचा मानला जातो. ख्रिस्ती वधू पांढऱ्या पोशाखात विवाहबद्ध होते. महाराष्ट्रात मात्र मंगलकार्यात सवाशिणीने पांढरे नेसणे अशुभ समजले गेले. यावरून एक गोष्ट उघड होते. रंगाला वा वस्त्राला अंगभूत अर्थ नसतो. तो अर्थ समाज देत असतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न असा की, हा अर्थ देतो कोण, आणि तो कोणाच्या अंगावर लादला जातो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल परिसराच्या अनुषंगाने केला आहे. सातपुडा आणि तापी यांच्यामधील ही काळ्या जमिनीची पट्टी इतिहासात कधीच एकाकी नव्हती. येथून थेट उत्तरेस, सातपुडा व नर्मदा ओलांडल्यावर, इंदूर आणि उज्जैन लागते. दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठानहून माहिस्सतीमार्गे उज्जेनीला जातात. पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण आणि माहिस्सती म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते महेश्वर. या वाटेने जाणाऱ्यास तापीचे खोरे ओलांडावेच लागते. वस्त्रांविषयीच्या दोन अगदी भिन्न दृष्टी याच टापूच्या आसपास आपल्याला भेटतात.

अवंती-दक्खिणापथाची मागणी

पहिली दृष्टी विनयपिटकातील आहे. महावग्गात महाकच्चान स्थविर अवंतीत राहत असल्याची हकीकत येते. त्यांचा शिष्य सोण कुटिकण्ण श्रावस्तीला जाऊन तथागतांना वंदन करतो आणि गुरूच्या वतीने पाच विनंत्या मांडतो. त्यांतील एक पादत्राणांविषयी आहे. अवंती-दक्खिणापथाची जमीन ‘कण्हुत्तरा’, म्हणजे वरचा थर काळा असलेली, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तेथे एकपदरी वहाण टिकत नाही. दुसरी विनंती अंथरुणा-पांघरुणाविषयी आहे. मध्यदेशात जशा गवताच्या चटया वापरतात, तशी अवंतीत मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी वापरली जाते. तथागतांनी या विनंत्या मान्य केल्या आणि त्यांचा लाभ सर्व प्रत्यंत जनपदांना दिला.

उन्हाळ्यात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या खानदेशी माणसाला या विनंतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. नियम माणसासाठी आहे, देश बदलला की तो बदलू शकतो, आणि तो बदलण्याची मागणी त्या प्रदेशातील लोकांनीच करावी, असे येथे गृहीत धरले आहे. मध्यदेशाची रीत श्रेष्ठ आणि दक्षिणेची हीन, असा भेद तथागतांनी मानला नाही.

एकच वस्त्र, दोन अर्थ

भिक्खूचे मूळ वस्त्र पांसुकूल होय. उकिरड्यावर वा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून, रंगवून ते तयार केले जाई. पुढे जीवकाने उज्जेनीच्या पज्जोत राजाकडून मिळालेले मौल्यवान सिवेय्यक वस्त्र तथागतांना अर्पण केले आणि संघाला गृहस्थांनी दिलेली चीवरे स्वीकारू द्यावीत अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. मात्र ज्याला पांसुकूलच वापरावयाचे असेल त्याने ते वापरावे, अशी मोकळीकही ठेवली. चीवराचे तुकडे कसे जोडावेत हे मगधातील बांधबंदिस्त शेतांच्या आकारावरून आनंदाने ठरविले. या चीवरात शाक्य राजपुत्र आणि न्हावी उपाली यांच्यात काही फरक उरला नाही. उलट, उपालीला आधी प्रव्रज्या देण्यात आली, जेणेकरून राजपुत्रांनी त्याला वंदन करावे.

आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहावा. चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे अलंकार घालावेत, असे तेथे विधान आहे. हे विधान ग्रंथातच राहिले असे नाही. महाराष्ट्रातील महार वतनदाराच्या परंपरागत ‘हक्कां’मध्ये प्रेतावरील कापडाचाही समावेश होता. हे वतन कायद्याने संपुष्टात आणण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

स्मशानातील वस्त्र दोन्हीकडे एकच आहे. परंतु भिक्खूने ते स्वेच्छेने उचलले होते आणि ते नाकारण्याची मुभा त्याला होती. पांसुकूल वापरणारा राजपुत्रही असू शकत होता. वतनदाराला ते जन्माने मिळाले होते. पहिल्या प्रकाराला शिस्त म्हणावे आणि दुसऱ्याला सक्ती. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व इतिहास स्पष्ट होतो.

संघातही सभेचे संकेत होते. पातिमोक्खातील सेखिय नियमांनुसार पादत्राणे घातलेल्या, डोक्याला फेटा बांधलेल्या वा हातात छत्र धरलेल्या निरोगी व्यक्तीला धम्म उपदेशू नये. आजाऱ्याला यातून सूट आहे. प्रतिष्ठेमुळे कोणाला सूट नाही. कोसलनरेश पसेनदी तथागतांच्या भेटीस गेला तेव्हा त्याने आपली तलवार आणि फेटा दीघ कारायण या सेनापतीच्या स्वाधीन केला. विशाखेने विहारात प्रवेश करण्यापूर्वी आपला महालता अलंकार उतरविल्याची कथा धम्मपद-अट्ठकथेत आहे. येथे उतरवायचे आहे ते वरच्याने. खालच्याला अधिक खाली वाकविणारा संकेत येथे नाही.

चातुर्वर्ण्याचा पोशाख

दुसऱ्या दृष्टीची उदाहरणे आपल्याजवळच आहेत. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बाळगावे लागे, याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या ग्रंथात केली आहे. सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे धोतराला निरी घालून ते नेसण्यास आणि ‘नमस्कार’ म्हणण्यास आरंभ केला, तेव्हा तो प्रकार राजसत्तेकरवी थांबविण्यात आल्याचेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा अधिकार मिळविण्यासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला. २६ जुलै १८५९ च्या राजघोषणेने त्यांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. परंतु उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने ते झाकू नये, ही अट कायम राहिली.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत राजे-राण्यांची अंगे बव्हंशी उघडी, अलंकारांनी मढलेली आहेत. शिवलेल्या चोळ्या आणि अंगरखे प्रामुख्याने दासी, सेवक, नर्तकी आणि परदेशी लोक यांच्या अंगावर दिसतात. म्हणजे वाकाटककाळी ज्या झाकलेल्या अंगाचा संबंध सेवकवर्गाशी होता, तेच त्रावणकोरात प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. संकेत उलटा झाला तरी ठरविणारा हात वरच्या वर्गाचाच राहिला.

यावलच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण इंदूर संस्थानातील बलाई समाजाचे होय. जानेवारी १९२८ मध्ये ते वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या ग्रंथात उद्धृत केले. कनाडिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आणि आणखी पंधरा गावांतील सवर्णांनी बलाईंना फर्मावले की, त्यांनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत वा नक्षीदार काठांची धोतरे नेसू नयेत. त्यांच्या स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने आणि नक्षीदार वस्त्रे घालू नयेत. शिवाय लग्नांत वाजंत्री वाजवावी व सर्व सेवा बिनामोबदला कराव्यात. ज्यांनी नकार दिला त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले, उभ्या पिकांत जनावरे सोडली गेली. दरबारात अर्ज करूनही वेळेवर दाद लागली नाही. अखेर शेकडो बलाई बायकामुलांसह घरे सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर आदी संस्थानांत निघून गेले. धोतराच्या काठाची किंमत पिढ्यान्‌पिढ्यांचे घर ही होती.

महाड: खुणा पुसण्याचा कार्यक्रम

बलाईंची ही वार्ता छापून येण्याच्या अवघे काही दिवस आधी महाडची सत्याग्रह परिषद झाली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांच्या स्वतंत्र सभेत भाषण केले. आखूड नेसलेले लुगडे, गळ्यातील माळांची गर्दी, कोपरापर्यंतचे कथलाचे वा चांदीचे गोठ-पाटल्या या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी बजावले. लुगडे अंगभर नेसावे; वस्त्र फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ असावे, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. स्त्रियांनी तो ताबडतोब अमलात आणला.

हे उच्चवर्णीयांचे अनुकरण नव्हते काय, असा प्रश्न काही अभ्यासक करतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी वरच्या जातीच्या आचारांचे अनुकरण करून जातिक्रमात वर सरकण्याच्या प्रक्रियेस ‘संस्कृतीकरण’ हे नाव दिले. सोनारांचे उदाहरण या कल्पनेत नीट बसते. महाडचे मात्र बसत नाही. अनुकरण करणारा शिडी मान्य करतो आणि एक पायरी वर मागतो. ज्यांनी शिडीला आधार देणारा ग्रंथच जाळला होता, त्यांना पायरी नको होती. अंगावर कोरलेली ओळख पुसावयाची होती.

फैजपूर आणि खादीची अट

यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पं. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. नंदलाल बोस यांनी बांबू आदी स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली. खादी आणि पांढरी टोपी हा त्या संघटनेचा सामाजिक पोशाख होता. पदाधिकाऱ्यांसाठी तर खादीची सवय ही नियमातील अट होती. गरीब-श्रीमंतांनी एकच जाडेभरडे कापड वापरावे, या कल्पनेत समतेचा अंश होता हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवन येथे झालेल्या भेटीत बाबासाहेबांनी गांधीजींना नेमका याच ठिकाणी प्रश्न केला होता. काँग्रेसचा सभासद होण्यासाठी खादीची अट घालता आली, तशी अस्पृश्यता न पाळण्याची अट का घातली नाही? अंगावरील कापड तपासणे सोपे, घरातील आचार तपासणे कठीण. म्हणून संघटना सोपी अट निवडते. हा आक्षेप एका पक्षापुरता मर्यादित नाही. वस्त्राला व्रताची जागा देणाऱ्या प्रत्येक समाजाला तो लागू पडतो, आणि म्हणून आपल्यालाही.

शुभ्र वस्त्र आणि आपली जबाबदारी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो स्त्री-पुरुष शुभ्र वस्त्रांत आले. बाबासाहेबांनी स्वतः शुभ्र रेशमी धोतर व पांढरा कोट परिधान केला होता. पाली साहित्यात गृहस्थ उपासकाला ‘गिही ओदातवसन’, म्हणजे शुभ्र वस्त्रधारी गृहस्थ, असे म्हटले आहे. दीघनिकायाच्या पासादिक सुत्तात हा शब्द येतो. ज्या समाजात पांढरा रंग सवाशिणीला अमंगल मानला गेला, तेथे वधूने शुभ्र वस्त्रात त्रिशरण-पंचशील ग्रहण करणे, हा अर्थ देण्याचा अधिकार स्वतःकडे घेण्याचा निर्णय होता. लादलेल्या खुणांपासून सर्वसामान्य नागरिकाच्या वेषाकडे, आणि तेथून स्वतः निवडलेल्या वेषाकडे, असा हा प्रवास आहे.

तो अद्याप सर्वत्र पूर्ण झालेला नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात दागदागिने व उंची वस्त्रे वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने रोखणे हा गुन्हा ठरविला गेला. त्यानंतर साठ वर्षांनी, २०१५ साली, अत्याचार प्रतिबंध अधिनियमात दुरुस्ती करून पादत्राणे वा नवे कपडे घालण्यास, वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास प्रतिबंध करणे हे गुन्हे म्हणून स्पष्टपणे लिहावे लागले. ज्या गोष्टी घडतच नाहीत त्यांच्यासाठी संसद शब्द खर्च करीत नाही.

म्हणूनच आपल्या शुभ्र वस्त्राविषयी आपण सावध असले पाहिजे. यावल-रावेर भागात केळीच्या बागांतून राबणाऱ्या स्त्रीच्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे डाग असतात. हा चीक एकदा कापडावर पडला की काळपट डाग धुऊन जात नाही. अशी एखादी उपासिका काम आटोपून धुतलेल्या पण डागाळलेल्या लुगड्यात वंदनेला आली, आणि पांढरे नेसली नाही म्हणून तिला मागच्या रांगेत बसावे लागले, तर आपण शिस्तीचे रूपांतर सक्तीत केले असे होईल. लग्नातील शुभ्र शालू कर्ज काढून घ्यावा लागत असेल, तर विशाखेने विहाराच्या दाराशी उतरविलेला अलंकार आपण पुन्हा अंगावर चढविला, असेच म्हणावे लागेल. ‘ओदात’ या शब्दाचा अर्थ शुभ्र तसाच निर्मळ असाही आहे. महाडला सांगितलेली कसोटी स्वच्छतेची होती, किमतीची नव्हती. आणि चिकाचा डाग हा कष्टाचा डाग आहे, मळ नव्हे.

अवंतीच्या भिक्खूंनी आपल्या जमिनीचा विचार करून नियमात बदल मागितला आणि तो मिळाला. त्याच काळ्या जमिनीवर राहणाऱ्या उपासक-उपासिकांनीही आपल्या विहारांतील व मंगल परिणयातील वस्त्रविषयक संकेत तपासून पाहावेत. ते कोणी ठरविले, ते पाळण्याची कुवत सर्वांना आहे काय, आणि ते न पाळणाऱ्याचा मान राखला जातो काय, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.