पंख असलेले पाऊल : एका कारखान्याच्या खेळसंघाचा इतिहास

कामगाराच्या फावल्या वेळेवर मालकी कोणाची, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतकाच जुना आहे. आम्ही संघटनेच्या कामात पडलेली माणसे पगाराच्या आकड्यांत गुंततो आणि हा दुसरा प्रश्न मागे राहतो. म्हणून आज राजेरजवाडे सोडून अमेरिकेतील एका कारखान्याच्या बास्केटबॉल संघाची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

ओहायो राज्यातील ॲक्रन हे रबराचे गाव. १८९८ साली तेथे गुडइयर कंपनी निघाली, १९०० साली फायरस्टोन. बास्केटबॉलही त्याच पिढीतला. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून तो योजला. गुडइयरने १९१८ साली आपला संघ उभा केला. कंपनीच्या बोधचिन्हात मर्क्युरी देवाचे पंख असलेले पाऊल आहे, त्यावरून संघाचे नाव 'विंगफूट्स'. फायरस्टोनचा संघ 'नॉन-स्किड्स', म्हणजे न घसरणारे. नावातच टायरची जाहिरात! खेळाडू कंपनीच्या नोकरीत असत; धड हौशी नव्हेत, धड धंदेवाईकही नव्हेत.

१९१९ साली याच गुडइयरने कामगारांसाठी 'इंडस्ट्रियल असेंब्ली' नावाची दोन सभागृहांची सभा स्थापिली. प्रतिनिधी कामगार निवडीत, पण घटना कंपनीची. संघ ही देणगी, सभा ही देणगी. देणगीतून सर्व काही मिळते. 'नाही' म्हणण्याचा हक्क तेवढा मिळत नाही.

तो हक्क कामगारांनी स्वतः मिळविला. मंदीच्या काळात तेथे सहा तासांची पाळी सुरू झाली होती. १९३५ साली रबर कामगारांची स्वतंत्र युनियन ॲक्रन येथेच स्थापन झाली. कंपनी आठ तासांकडे वळू लागली, काही कामगार कमी केले गेले, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये संप पेटला. ऐन थंडीत कारखान्याभोवती मैलोगणती पहारा बसला. सुमारे पाच आठवड्यांनी, मार्चमध्ये, तडजोड झाली. १९३७ साली वॅग्नर कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला, आणि कंपनीची ती सभा बरखास्त झाली.

त्याच १९३७ साली जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन व गुडइयर यांच्या पुढाकाराने नॅशनल बास्केटबॉल लीग निघाली. १९३८ चे पहिले अजिंक्यपद विंगफूट्सनी ऑशकॉशच्या संघास हरवून घेतले. १९३९ व १९४० ची फायरस्टोनने. पुढे १९४१ साली फायरस्टोन व १९४२ साली गुडइयर लीगमधून बाहेर पडले. ती लीग १९४९ साली दुसऱ्या लीगमध्ये मिळून आजची एनबीए झाली. विंगफूट्स हौशी स्पर्धांत खेळत राहिले. १९६४ साली ते राष्ट्रीय हौशी विजेते झाले, आणि १९६७ ते १९६९ अशी तीन वर्षे त्यांनी आंतरखंडीय करंडक जिंकला.

या खेळाला आम्ही नावे ठेवीत नाही. घाम खरा होता, टाळ्याही खऱ्या होत्या. मुंबईच्या गिरण्यांनीही कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या, आणि त्या पगारावर कित्येक घरे चालली. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तसे त्यांचे संघही गेले. चाळीतील लहान मंडळे मात्र वर्गणीवर तगली. मालकाने दिलेले मैदान जरूर वापरावे. मंडळाची घटना मात्र आपल्या हाताने लिहावी.