पायी पुरणारे गाव

दर नोव्हेंबरमध्ये अब्बा हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जातात, आणि चालत जातात. निजामपुऱ्यातल्या आमच्या जुन्या खोलीतून निघायचे, वाटेत ओळखीच्या दोन दुकानांत टेकायचे, आणि पंचवीस मिनिटांत बँक. वय ७८. उर्दू प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. पेन्शन येते, तेवढ्यात भागते. मशीद, मंडई, दवाखाना, न्हावी सगळे जवळ. त्यांनी आयुष्यात स्कूटरसुद्धा घेतली नाही.

मी राहतो शेलारला. नदी नाक्याचा पूल ओलांडला की कामवारीच्या पलीकडे. शाळा शहरात, घर इकडे. शहरात ज्या पैशांत धड एक खोली मिळत नव्हती, त्यात इथे वन-बीएचके मिळाला, म्हणून आलो. आता धाकट्या भावाचे म्हणणे आहे की अब्बांनाही इकडे आणावे आणि त्यांच्यासाठी एक जुनी गाडी घ्यावी. कागद-पेन घेऊन हिशेबाला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. शिक्षकाची खोड, दुसरे काय.

आमचे खानदान मोमीन विणकरांचे. १८५७ नंतर आझमगढ, मऊ, मुबारकपूर, अलाहाबाद या भागांतले विणकर मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकले. कारणे अनेक होती: बंडानंतरची दडपशाही, दुष्काळ, आणि विलायती कापडाने मोडलेला धंदा. मालेगाव, बुऱ्हाणपूर, भिवंडी आणि मुंबईतला मदनपुरा ही त्यांची ठिकाणे झाली. मालेगाव आणि भिवंडी दोन्ही आग्रा रोडवर आहेत, हा योगायोग नव्हे. हातमागाच्या विणकराला कामावर 'जावे' लागत नसे. माग घरातच. एका कोपऱ्यात खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे, दुसऱ्या कोपऱ्यात चूल. बायका-मुले कांड्या भरत. कामावर जाण्या-येण्याचा खर्च म्हणून वेगळा काही नव्हताच.

दादाजान भिवंडीला येण्याआधी मदनपुऱ्यात होते, म्हणून थोडे मुंबईचे सांगतो. तिथे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा गिरण्यांनी भरून गेले. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. भाडे तीन आणे, मग लवकरच दोन आणे. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली, बस १५ जुलै १९२६ ला. शाळेच्या पुस्तकात ही 'प्रगतीची पावले' म्हणून येतात. मला नेहमी वाटते, मुलांना पुढचा प्रश्न विचारायला हवा: यात बसत कोण होते? कारण गिरणी कामगार चालत होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नोंदवले आहे की १९२० च्या दशकात सुमारे नव्वद टक्के गिरणी कामगार कामाच्या जागेपासून पंधरा मिनिटांच्या चालीत राहत होते. पाळी सकाळी लवकर सुरू होई, उशीर झाला तर फाटक बंद आणि दिवस बुडाला. बदली कामगाराला तर रोज फाटकावर उभे राहूनच काम मिळे. म्हणजे गिरणीजवळ राहणे ही हौस नव्हती, पोटाची अट होती.

त्या अटीची किंमत खोलीत मोजावी लागली. सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात कुटुंब, गावाकडून आलेला भाऊ, कधी आणखी एखादा. १८९६ ची प्लेग मांडवीत सुरू झाली आणि असल्याच दाटीतून शहरभर पसरली. गाडीशिवायचे जुने दिवस किती छान, असे कुणी म्हणाले की मला त्या १६० चौरस फुटांची आठवण द्यावीशी वाटते.

तरी एक गोष्ट खरी. त्या खोलीचे भाडे परवडले, म्हणून माणूस तिथे टिकला. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. निवृत्त झालेला, नवऱ्यामागे राहिलेली, दोन घरी भांडी घासणारी, अशा सर्वांना शहराच्या मध्यावर राहता आले ते या कायद्यामुळे. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, आणि पागडीचा काळा व्यवहार वाढला, हेही त्याच कायद्यामुळे. १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यताच दिली. आमची निजामपुऱ्यातली खोली दादाजाननी पागडीवर घेतलेली. आजही महिन्याचे भाडे १२० रुपये. अब्बांची पेन्शन पुरते याचे खरे कारण काटकसरीपेक्षा हे भाडे आहे. अब्बांना हे पटत नाही.

आता भिवंडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली आणि वर्षभराने कल्याणला पोचली. भिवंडीला तिने बगल दिली. आजचे भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, शहराच्या कडेला आहे, आणि तिथे पोचायलाच रिक्षा लागते. मुंबईचा कामगार पुढे लोकलने लांब राहायला जाऊ लागला, भिवंडीचा जाऊ शकला नाही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले तरी मोहल्ल्याची रचना तीच राहिली. खाली कारखाना, वर घर. शेजारी सायझिंग, पलीकडे सूतवाला, गल्लीच्या तोंडाशी बिस्सी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बिस्सी म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारहून एकटे आलेल्या माग कामगारांची खानावळ, ठरलेल्या पैशांत दोन वेळचे जेवण. पाळी संपली की कामगार बिस्सीत जेवतो आणि चार पावलांवर पडतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कापडाचे बरेच काम भिवंडीकडे वळले. माग वाढले, माणसे वाढली, त्यांच्यासाठी घाईघाईने इमारती उठल्या. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत १९८४ ची. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ती कोसळली, तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली, त्यांत मुले पुष्कळ. तिथे लोक का राहत होते, असे नंतर पुष्कळांनी विचारले. काम जवळ होते आणि भाडे देता येत होते.

भीतीचेही सांगायला हवे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर कुणी कुठे राहायचे हे फक्त भाड्यावर ठरले नाही. अब्बा निजामपुरा सोडत नाहीत यात थोडा १९८४ आहे. ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा. अम्मी हयात असताना खालाकडे, बाजारात, शिवणकाम पोचवायला एकटी जाई. सगळे दहा मिनिटांच्या आत होते, म्हणून कुणाची परवानगी नाही की भाड्याचे पैसे मागणे नाही. शेलारला आल्यावर माझ्या बायकोला साध्या सुई-दोऱ्यासाठी शेअर रिक्षा धरावी लागते. शाळेत मी हे दरवर्षी पाहतो. एखाद्या मुलीचे घर भाडे वाढले म्हणून पुलापलीकडे जाते. पहिले दोन महिने ती येते, मग गैरहजेरी वाढते. वडील सांगतात, 'सर, रोजचे चाळीस रुपये कुठून आणू? आणि एकटी कशी पाठवू?' मुलगा असेल तर तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतो. आठवीतली अशी एक मुलगी, माझ्या वर्गातली, मराठीत पहिली येणारी, गेल्या दिवाळीनंतर आली नाही. घरी जाऊन आलो. ती घरात मण्यांचे काम करत बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

ते चाळीस रुपये हिशेबात मांडून बघा. जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले हजार. ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली तीही महिना हजार रुपये. म्हणजे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची किमान पेन्शन आणि पुलापलीकडून एका माणसाचे येणे-जाणे, आकडा एकच. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. चांगल्याच गोष्टी. अब्बा त्यावर नाशिकला जाऊन आले. पण शेलारहून मंडईला न्यायला एसटी नसते, तिथे रिक्षाच.

मुंबईत हीच गोष्ट सरकारी शिक्क्याने चालली आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि कामगारांना व वारसांना पनवेलजवळ कोनला, आता शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली जातात. कामगार संघटना म्हणतात, मुंबईतच घर द्या. लोकांना हा हट्ट वाटतो. ज्या माणसाचा दवाखाना, दुकान आणि दोस्त एका चौकात होते, त्याला सत्तरीत कर्जत लाइनच्या लोकलमध्ये बसायला सांगणे म्हणजे काय, हे अब्बांकडे पाहिल्यावर कळते.

माझी स्वतःची गोष्ट अब्बांहून वाईट आहे. मी नोकरीला लागलो १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुनी पेन्शन नाही. अब्बांकडे ठरलेली पेन्शन आणि १२० रुपयांची खोली दोन्ही आहेत. माझ्याकडे दोन्ही नाहीत, वर फ्लॅटचा हप्ता आहे. त्यात गाडीचा आठ हजारांचा हप्ता, पेट्रोल, विमा. आणि ती चालवायची कुठे? नदी नाक्यावर ट्रक-टेंपोच्या रांगेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो होईल तेव्हा होईल.

तरी भावाच्या समाधानासाठी रमजान संपल्यावर अब्बांना महिनाभर शेलारला ठेवले. लिफ्ट आहे, पाणी आहे, नातवंडे आहेत. पहिल्या आठवड्यात खूश होते. मग त्यांनी एक वही मागून घेतली आणि उर्दूत लिहू लागले: मंडई, रिक्षा २० रुपये. दवाखाना, रिक्षा २०, परत २०. शेवटच्या पानांवर रुपये नव्हते. 'जुम्मा, शहाबुद्दीन भेटला नाही' असले काहीतरी होते. महिना भरला त्या दिवशी पिशवी भरून दारात बसले होते.

परत सोडायला गेलो तेव्हा जिन्याशी नोटीस लावलेली दिसली. इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट होणार आहे, भाडेकरूंनी कागदपत्रांसह मालकाला भेटावे. अब्बांनी चष्मा लावून ती मराठी नोटीस सावकाश वाचली, एका शब्दाचा अर्थ मला विचारला, आणि कठड्याला धरून वर चढू लागले.