मृगया आणि मर्म

मृगयेचा विषय निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. कोणी तिच्याकडे राजेरजवाड्यांचा रुबाब म्हणून कौतुकानें पाहतो, तर कोणी निव्वळ क्रौर्य म्हणून तिला पाठ दाखवितो. परंतु धनुष्यबाणानें हरिण मारणें ही एके काळीं विद्या होती, आणि देहरचनेचें ज्ञान हा त्या विद्येचा कणा होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. त्या ज्ञानाचें पुढें काय झालें याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि त्यासाठीं आमच्या वाचकांस आम्ही छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांकडे नेणार आहों.

प्रथम हरिणाचा देह पाहूं. हरिण आडवें उभें असतां त्याचें हृदय छातीच्या तळाशीं, पुढच्या पायाच्या कोपराच्या आसपास असतें. त्याच्या वर व दोहों बाजूंस फुप्फुसें पसरलेलीं असतात. त्यांवर बरगड्यांचा पिंजरा, आणि पुढच्या अंगास खांद्याचें जाड हाड. पिंजऱ्याच्या मागल्या टोंकाशीं श्वासपटल, त्यापलीकडे यकृत, आणि मग चार कप्प्यांचें भलें मोठें जठर. बंदुकीची गोळी आघातानें हाड फोडते. बाणाचें तसें नाहीं. तो कापीत जातो, आणि जनावर मरतें तें रक्त वाहून. म्हणून खांद्याच्या हाडावर बसलेला बाण अडतो. पोटांत शिरला तर हरिण दूर पळून तासच्या तास झाडींत तडफडतें. दोन्ही फुप्फुसांतून पार झाला तरच तें थोड्या अंतरावर कोसळतें. समोरून छाती अरुंद, आणि मागून तर नेम धरण्यास जागाच नसते. याकरितां जाणता धनुर्धर हरिण आडवें होण्याची, किंवा किंचित् पाठमोरें तिरपें होण्याची वाट पाहतो, आणि तसें तें न झाल्यास चढविलेला बाण उतरवितो. वाट पाहणें हें या विद्येचें अर्धें अंग होय.

आपल्या जुन्या शास्त्रांनींही बाणाचा व त्याच्या जखमेचा बारकाईनें विचार केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत बाणांचीं अग्रें छेदन, भेदन व ताडन करणारीं अशीं त्रिविध सांगितलीं असून तीं लोखंडाचीं, हाडाचीं किंवा लाकडाचीं करावीं असें म्हटलें आहे. शस्त्रवैद्यकास आपण शल्यतंत्र म्हणतों. त्यांतील शल्य या शब्दाचा एक अर्थच मुळीं बाण असा आहे. सुश्रुतानें मनुष्यदेहांत १०७ मर्में मोजलीं. त्यांपैकीं १९ तत्काळ प्राण हरण करणारीं, आणि हृदय हें त्यांतलें एक. याहून विलक्षण अशीं ३ मर्में तो विशल्यघ्न या नांवानें सांगतो. शल्य आंत रुतून आहे तोंवर मनुष्य जगतो, आणि तें उपटतांच मरतो! येथें वाचकांस श्रावणाची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. बाण तसाच राहूं द्यावा तर वेदना, काढावा तर मृत्यु, अशा पेंचांत वाल्मीकीचा दशरथ सांपडतो; आणि तो बाण त्यानें हत्ती समजून केवळ आवाजाच्या रोखानें सोडलेला असतो. न पाहतां धरलेल्या नेमाबद्दल आपल्या परंपरेनें राजालाही केवढा दंड केला आहे!

याच कथेचें बौद्ध भावंड म्हणजे श्यामजातक. त्यांतही मृगयेस निघालेल्या राजाचा बाण आंधळ्या मातापित्यांच्या एकुलत्या एका आधारास लागतो. हें जातक अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या अशा दोन्ही लेण्यांत रंगविलेलें आहे. पैकीं सतरावें लेणें वाकाटक नृपति हरिषेण याच्या काळांत, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्याच्या एका मांडलिकानें कोरविलें. त्याच लेण्यांत न्यग्रोधमृग, रुरु आणि शरभ हीं जातकें आहेत. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीं फार मोलाचीं आहेत.

न्यग्रोधमृगाच्या कथेचें मूळ कारणच मुळीं चुकलेला नेम हें आहे. काशीच्या राजाच्या स्वयंपाकघरास रोज मृगमांस लागे. धनुष्य दिसतांच कळप उधळे. पाहिजे असे एक हरिण, आणि घायाळ होत अनेक. तेव्हां मृगांनीं आपसांत ठरविलें कीं, रोज एकानें पाळीनें वधस्थानीं जावें, म्हणजे बाकीच्यांस व्यर्थ जखमा होणार नाहींत. पुढें गाभण हरिणीची पाळी आली असतां न्यग्रोध तिच्याजागीं स्वतः गेला आणि राजा विरघळला, हें सर्वश्रुत आहे. पण मृत्यूहूनही अर्धवट जखमेचें भय त्या मुक्या प्राण्यांस अधिक वाटलें, हा कथेचा पाया सहसा कोणी पाहत नाहीं. शरभजातकांत तर बाण चुकविण्याच्या युक्त्याच वर्णिल्या आहेत: समोरून येणारा कसा चुकवावा, कुशीवर येणाऱ्या बाणापुढें कसें लोळावें, आणि बाण लागलासें भासवून कसें पसार व्हावें. हें सारें ज्यानें रचिलें त्यानें शिकाऱ्यांचें बोलणें कान देऊन ऐकलें असलें पाहिजे.

शिल्पकारही मागें नव्हते. पहिल्या लेण्यांतील एका स्तंभशीर्षावर चार मृगांच्या देहांस मिळून एकच मस्तक आहे, आणि ज्या देहाकडून पाहावें त्याचेंच तें वाटतें. मान खांद्यांतून कशी निघते आणि कशी वळते हें पुरतें ठाऊक असल्याखेरीज असला चमत्कार छिन्नीनें साधत नाहीं. शिकारी जें प्राण घेण्यासाठीं शिकला, तेंच शिल्पी रूप देण्यासाठीं शिकला.

महाराष्ट्राच्या इतिहासांत हे दोन्ही प्रवाह शेजारीं शेजारीं वाहिले. सोपारें येथें १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. पूर्वीचे राजे मृगयादि विहारयात्रा करीत, आपण त्याऐवजीं धर्मयात्रा आरंभिली, असें तो लेख सांगतो. उलटपक्षीं, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ११२९ च्या सुमारास मानसोल्लास रचिला, तेव्हां राजाच्या विनोदांत मृगयेस विस्तृत स्थान दिलें.

आज आपल्या देशांत हा प्रश्न कायद्यानें मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें काळवीट, चिंकारा इत्यादि मृगांची शिकार हा अपराध आहे, मग ती बंदुकीनें होवो वा बाणानें. इंग्लंडनें १९६३ सालीं हरिणांवर बाण चालविण्यास बंदी केली. अमेरिकेंतील अनेक राज्यांत मात्र ही शिकार चालते, आणि तेथेंही नवशिक्यास पहिला धडा देतात तो हाच: हरिण आडवें होईपर्यंत हात आवरावा.

आमच्या मतें या इतिहासाचें तात्पर्य असें कीं, दया आणि ज्ञान हीं परस्परांचीं शत्रु नव्हत. देहाचें मर्म ज्यास कळत नाहीं, त्याचा बाण क्रूर होतो आणि त्याची कीवही पोकळ राहते. कुंपणाच्या तारेंत फाटलेलें किंवा कुत्र्यांनीं घायाळ केलेलें हरिण आज पशुवैद्यापुढें येतें, तेव्हां फुप्फुस कोठें, यकृत कोठें, हें त्यास जुन्या पारध्याइतकेंच चोख ठाऊक असावें लागतें. सतराव्या लेण्यांतील भिंतीपुढें उभे राहतांना आमच्या वाचकांनीं एवढें ध्यानीं धरावें कीं, तेथील करुणेस नेमबाजाचे डोळे आहेत.