अर्ध्या तासाची उमेदवारी

मुलाखत आपल्याकडच्या कचेऱ्यांत तशी उशिराच शिरली. त्याआधी नोकरी मागायला आलेल्या पोराला कोणी समोर बसवून प्रश्न विचारत नसे, सरळ आत घेऊन जाजमाच्या कडेला बसवत. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात मामलेदार कचेरीत अशी पोरं असायचीच. त्यांना उमेदवार म्हणत. पगार नाही, हुद्दा नाही, काम मात्र पक्क्या कारकुनाचं. आलेल्या कागदाची बारनिशी, म्हणजे नोंद करायची, मोडीतल्या अर्जाची नक्कल उतरवायची, दफ्तर रुमालात बांधून जागच्या जागी ठेवायचं आणि शिरस्तेदाराने हाक मारली की नेमका तोच रुमाल काढून द्यायचा. एखादा कारकून बदलला किंवा वारला की जागा मोकळी व्हायची आणि मग कोणा एकाचं नशीब उघडायचं. तोवर महिने जात, कधी वर्षंही.

पारख करायची रीत म्हणून पाहिलं तर ही उमेदवारी वाईट नव्हती. अक्षर, आकडेमोड, चिकाटी, कचेरीतली गोष्ट कचेरीतच ठेवण्याची सवय, हे सगळं अव्वल कारकुनाच्या डोळ्यांसमोर रोज उघडं पडे. थापा मारून सहा महिने काढता येत नाहीत. खोट होती ती उंबरठ्यावर. आत येणाऱ्याला पहिला सवाल असे, "कोणाचा रे तू?" मामा शिरस्तेदार असेल, काका वकील असेल, तर जाजमावर जागा व्हायची. शिवाय बिनपगारी राबायचं तर दोन वेळचं जेवण कोणीतरी घालायला हवं. नांगर धरणाऱ्याच्या पोराला हे परवडायचं कुठून? सरकारी कचेऱ्या एकाच जातीच्या लोकांनी भरल्या आहेत, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली. तिच्या मुळाशी ही रीतही होतीच. पुढे २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा "कोणाचा?" या सवालाला पहिल्यांदा उलटा जबाब मिळाला.

विलायतेतही वेगळं नव्हतं. कंपनी सरकारची नोकरी संचालकांच्या शिफारशीवर मिळायची. मेकॉलेच्या समितीने १८५४ साली ही रीत मोडून स्पर्धा परीक्षा घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्याच वर्षी परीक्षा सुरू झाली. ती लंडनला जाऊनच द्यावी लागे, ही गोष्ट वेगळी. तरीही कुलाबा जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली तिथे जाऊन पहिले आले. इकडे इलाख्यात खालच्या नोकऱ्यांना मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला चालू लागला. "फायनल पास" हे दोन शब्द खेड्यात कित्येक वर्षं पदवीसारखे मिरवले गेले.

म्हणजे वशिला हटवायला कागदी परीक्षा आली. पण ती आली तशी साहेबांना नवी चिंता लागली, की पेपरात हुशार निघालेला माणूस माणसांत कसा वागेल? १९१७ साली स्टॅन्ली लेद्स यांच्या समितीने सनदी नोकरीच्या परीक्षेला ३०० गुणांची तोंडी जोडायला सांगितली. विषयांच्या प्रश्नांऐवजी साध्या गप्पा मारायच्या आणि उमेदवाराची तरतरी, समज, दृष्टी पाहायची. आजची मुलाखत या तोंडीच्याच वंशातली. १९२६ साली दिल्लीत लोकसेवा आयोग आला, १९३७ साली मुंबई प्रांतात आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर आपला. दर वेळी ही तोंडी नव्या घरात सामानाबरोबर आली.

लष्कराने मात्र अर्ध्या तासाच्या मुलाखतीवर भरवसा ठेवला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, इंग्रजांनी अधिकारी निवडायला मंडळं नेमली आणि उमेदवारांना दिवसच्या दिवस एकत्र ठेवून ओंडके, दोर, पिंपं देऊन कामाला लावलं. आपल्या लष्कराची एसएसबीची पाच दिवसांची चाचणी त्याच घराण्यातली. कचेरीतल्या जाजमाची ही लांबची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही.

बाकीच्यांच्या वाट्याला अर्धा तासही येईल याची खात्री नव्हती. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तिथे लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. तोंडी दोन-तीन मिनिटांत उरकलेली, आणि विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे! शंभर वर्षांनी तोच सवाल, फक्त जाजमाच्या जागी खुर्ची. तोंडीला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणं मनमानी ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं. १९८५ साली हरियाणाच्या खटल्यात हा आकडा आणखी खाली, १२.२ टक्क्यांवर आला. २०१६ च्या १ जानेवारीपासून केंद्राने खालच्या पदांची मुलाखत बंदच केली. आपल्याकडे २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले आणि सगळा निवाडा संगणकासमोर झाला. कचेरीच्या पहिल्या पायरीवर आता कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. मला हे बरंच वाटतं.

वरच्या पायऱ्यांवर मुलाखत टिकून आहे. राज्यसेवेच्या नव्या रचनेत ती २०२५ पैकी २७५ गुणांची, केंद्रासारखीच. तिची तयारी हा पुण्याच्या पेठांमधला एक धंदा झाला आहे. मॉक द्या, व्हिडिओ पाहा, टायची गाठ शिका, "माझा दोष म्हणजे मी अति मेहनती आहे" हे पाठ करा. समोरच्या मंडळाने हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल याचा विचार कोणी करत नाही.

खरी तयारी उमेदवाराने स्वतः भरलेल्या अर्जात असते. गाव, तालुका, शिक्षण, छंद. मंडळाच्या हातात तोच कागद असतो आणि प्रश्न तिथूनच निघतात. म्हणजे "कोणाचा?" गेलं आणि "कुठला?" आलं. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातल्या सटाण्याच्या पोराला हे सोयीचंही आहे आणि अडचणीचंही. बागलाणातला साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, उंची १५६७ मीटर. मराठे-मोगलांची १६७२ सालची लढाई तिथलीच, आणि २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत त्याचं नाव. एवढं गाईडमध्येही सापडतं. कांद्याचं तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली, हे कोणीही सांगेल. पण उन्हाळ कांदा चाळीत भरताना गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी का काढतात, तळाला हवेसाठी फट का ठेवतात, वजन कसं घटत जातं आणि तरी बाप बाजार चढेल म्हणून का थांबतो, हे चाळीत उभा राहिलेला पोरगाच सांगू शकतो. गंमत अशी, की घरी अहिराणीत तासभर यावर बोलणारा मुलगा मंडळापुढे एकदम 'कृषी क्षेत्रातील आव्हाने' सुरू करतो आणि त्याच्या तोंडचा कांदा नाहीसा होतो.

सटाण्याच्या उमेदवाराला घेरणारा आणखी एक प्रश्न आहे. मी मंडळावर असतो तर हाच विचारला असता. आरम नदीकाठी देवमामलेदारांचं मंदिर आहे, मार्गशीर्षात यात्रा भरते. देवमामलेदार म्हणजे यशवंत महादेव भोसेकर (१८१५–१८८७). ते कारकुनीतून चढत मामलेदार झाले. १८७०–७१ च्या दुष्काळात ते सटाण्याला होते आणि त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी रिता केला, अशी त्यांची ख्याती. रक्कम सव्वा लाखाच्या वर सांगतात. तपासणीला साहेब आले तर पै न् पै जागेवर होती, हेही सांगतात. चमत्कार भाविकांकडे राहू द्या. मंडळाचा प्रश्न साधा आहे: तुम्ही तहसीलदार असता तर खजिना उघडला असता का?

"हो" म्हणणारा नियम मोडणारा ठरतो, "नाही" म्हणणारा दगड. घोकलेली उत्तरं या दोन टोकांवर आपटतात. जरा खोल गेलेला उमेदवार सांगेल, की १८७० मध्ये मामलेदाराच्या हाती दुष्काळाची संहिताच नव्हती. दुष्काळ आयोग १८८० चा, संहिता त्यानंतरच्या. आज तहसीलदाराकडे रोजगार हमी आहे, १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायदा झालेली. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आहे, २००५ चा. तेव्हा आधी कामं काढीन, धान्य सोडवीन, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवीन आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद ठेवीन. उत्तर चांगलं आहे. त्यावर मंडळातला एखादा चष्मा वर सरकवून पुढचं विचारणारच: "मंजुरी यायला तीन दिवस लागतात आणि लोक आज दारात उभे आहेत. मग?"