लाकडी धनुष्याचे तेललेपन

लाकडी धनुष्याचे तेललेपन : हाताने घडवलेल्या लाकडी धनुष्याला शेवटचा हात म्हणून तेल मुरवण्याची क्रिया. हवेतला ओलावा लाकडात शिरण्याचा वेग कमी करणे आणि हाताळताना घाम व मळ मुरू न देणे, एवढाच तिचा हेतू. तेल पाजल्याने धनुष्याला जोर येतो किंवा लवचीकपणा वाढतो, ही समजूत मात्र निराधार आहे. तेल वरच्या थराखाली फारसे जातच नाही.

धनुष्य ओढले की पाठीकडचे तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूचे, दाबले जातात. ओलसर लाकूड हा दाब सोसत नाही. दोरी उतरवल्यावरही धनुष्याचे बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, वाकलेलेच राहतात आणि बाणाचा वेग घटतो. उलट लाकूड फार सुकले तर ते तडकून मोडते. त्यामुळे बहुतेक कारागीर लाकडात 8 ते 10 टक्के ओलावा असावा असे धरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असता लाकूड साधारण 9 टक्क्यांवर स्थिरावते. 80 टक्के असता 16 टक्क्यांच्या घरात जाते. कोरड्या दिवसांत घडवलेले धनुष्य पावसाळ्यात सुस्त का होते, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

धनुष्याची अशी निगा राखण्याची लेखी परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे. पुढे पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक झालेल्या रॉजर ॲस्कमने 1545 मध्ये ‘टॉक्सोफिलस’ हा तिरंदाजीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मेण लावलेल्या लोकरी कापडाने धनुष्य रोज चोळावे, असा सल्ला त्यात आहे.   उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी प्राण्यांची, विशेषतः अस्वलाची, चरबी धनुष्याला चोळत. चरबी वाळत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा लावावी लागे.

तेल निवडताना पाहायचे ते हेच : ते वाळते की नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. तुंग तेल हे चीनमधल्या तुंग वृक्षाच्या बियांचे. त्यात इलिओस्टिअरिक आम्ल सुमारे 80 टक्के असल्याने त्याचा थर जवसाच्या थरापेक्षा पाण्याला कमी दाद देतो. अक्रोडाचे तेलही वाळते, पण सावकाश. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल या कामाचे नाही. ते चिकट राहते आणि धूळ धरते.

बाजारात नावांवर भरवसा ठेवता येत नाही. रंगाच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ हल्ली बहुधा उकळलेले नसते. ते लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे घातलेली असतात. क्रिकेटच्या बॅटला पाजतात ते कच्चे जवस तेल धनुष्याला चालते, मात्र एकेक हात वाळायला बरेच दिवस घेते. ‘डॅनिश ऑइल’ला ठरावीक कृती नाही, तेल, वार्निश आणि पातळ करणारे द्रावण यांचे ते मिश्रण असते. ‘तुंग ऑइल फिनिश’ लिहिलेल्या बाटलीत तुंग तेल नावापुरतेच, कधी तेवढेही नसते. अशा वेळी काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून ठेवावा. दोन-तीन दिवसांत त्यावर सुरकुतलेली पण कोरडी साय धरली तर तेल कामाचे. बोटाला चिकटत राहिले तर आत्ताच थांबलेले बरे. अमेरिकी कारागिरांत बंदुकीच्या दस्त्यासाठी बनलेले ‘ट्रू-ऑइल’ लोकप्रिय आहे. ते रेझिनमिश्रित जवस तेलच असल्याने पातळ थरांत लवकर वाळते.

ओलावा रोखण्यात नुसते तेल वार्निशपेक्षा आणि मेणापेक्षा फार मागे पडते. मॅडिसन येथील अमेरिकी सरकारच्या वनोत्पादन प्रयोगशाळेच्या चाचण्यांत जवस तेल यादीच्या तळाशी आणि वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवलेले लाकूड वरच्या टोकाला राहिले. तरीही तेल टिकून आहे. जाड, कडक वार्निश वाकणाऱ्या बाहूंवर भेगाळते आणि ओरखडा पडला की सगळे खरवडावे लागते. बाण घासून जातो त्या जागेचे तेल उडाले, तर तेवढ्याच जागी बोटाने पुन्हा लावता येते. दमट हवेसाठी तेलाचे चार-पाच हात आणि वर मधमाश्यांचे मेण, हा मधला मार्ग शहाणपणाचा.

दोन्ही बाहू सारखे वाकतील असे खरवडून झाल्यावर, आणि पाठीवर प्राण्यांच्या कंडरांचे तंतू चिकटवणे, मुठीला चामडे लावणे ही सरसाची कामे आटोपल्यावरच तेलाची बाटली उघडावी, कारण तेलकट लाकडावर सरस धरत नाही. लाकूड ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिशपेपरने घासून काढतात. पहिला हात सढळ असतो; पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले तेल पुसून टाकतात. ते राहिले तर डिंकासारखे चिवट होते आणि नवशिक्यांचे काम बहुतेक तिथेच बिघडते. पुढचे हात तळव्याने, लाकूड गरम होईपर्यंत चोळून देतात. शेवटी पाण्याचा थेंब टाकून पाहतात : तो मोत्यासारखा उभा राहायला हवा, लाकूड गडद झाले तर आणखी एक हात.

भारतीय तिरंदाजीच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात आणि भिल्लांच्या तिरकमठ्यात बांबू असतो. बांबूची बाहेरची साल सिलिकायुक्त व मेणचट असल्याने तेल शोषत नाही. तेल द्यायचेच तर आतल्या बाजूला, पेऱ्यांच्या छाटलेल्या जागी आणि टोकांच्या खाचांत.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला अशाच जवस तेलाच्या चिंध्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.