जावरची उलटी मूस

अग्नीनें दगड वितळला कीं त्यांतून धातु वाहूं लागतो, अशी खनिजापासून धातु काढण्याविषयीं सामान्य समजूत असते. लोखंड, तांबें, शिसें यांच्या बाबतींत ती बरीचशी खरीहि आहे. खनिजांत धातूचा संयोग प्राणवायूशीं किंवा गंधकाशीं झालेला असतो. गंधक असेल तर खनिज प्रथम भाजून तो घालवावयाचा, आणि मग तें कोळशाबरोबर तापवावयाचें. कोळसा प्राणवायु ओढून घेतो आणि धातु रसाच्या किंवा गोळ्याच्या रूपानें भट्टींत मागें राहतो. मनुष्यानें ही विद्या हजारों वर्षांपूर्वीं हस्तगत केली. परंतु एका धातूनें मात्र या विद्येला दीर्घकाळ हुलकावणी दिली. तो धातु म्हणजे जस्त.

जस्ताच्या भाजलेल्या खनिजांतून प्राणवायु काढून घेण्यास सुमारें १,००० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. आणि जस्त तर ९०७ अंशांवरच उकळतें. म्हणजे हा धातु जन्मास येतो तोच मुळीं वाफेच्या रूपानें. उघड्या भट्टींत ही वाफ ज्वाळांबरोबर वर चढते, हवेचा स्पर्श होतांच पेट घेते, आणि तिची पांढरी भुकटी होऊन उडून जाते. भट्टीच्या तळाशीं पाहावें तों राखेवांचून कांहीं नाहीं! भाता जोरानें चालवावा तर हवा अधिक आंत येते आणि नुकसानच वाढतें. इतर धातूंच्या कामीं जें कौशल्य उपयोगी पडतें, तेंच येथें घात करतें. जस्त हवें असेल तर खनिज प्रखर उष्णतेंत ठेवूनहि त्याला हवा लागूं द्यावयाची नाहीं, आणि निघालेली वाफ तत्काळ थंड जागेंत नेऊन तिचा रस करावयाचा, अशा दोन परस्परविरोधी गोष्टी वीतभर अंतरांत साधाव्या लागतात.

जस्ताचा गुण मनुष्याला पूर्वींपासून ठाऊक होता, पण तो पितळेच्या रूपानें. तांब्याचे तुकडे, जस्ताचें खनिज आणि कोळसा बंद मुशींत घालून तापविले, म्हणजे जस्ताची वाफ तांब्यांत मुरते आणि तांबें पिवळें होतें. रोमन साम्राज्यांत पितळ याच रीतीनें होत असे. भारतीय रसशास्त्राच्या ग्रंथांत 'रसक' नांवाच्या द्रव्यानें तांब्याचें सोनें होतें असें म्हटलें आहे, त्यामागेंहि हीच क्रिया होती. मात्र या मार्गानें पितळेंतील जस्ताचें प्रमाण साधारणपणें शेंकडा ३० च्या पुढें जात नाहीं. आणि तें करणाऱ्या कारागिराला जस्त असें डोळ्यांनीं कधींच दिसत नाहीं.

हा अदृश्य धातु मोठ्या प्रमाणावर पकडण्याचें काम मेवाडांत झालें. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर, अरवलीच्या डोंगरांत, टिडी नदीच्या कांठीं जावर नांवाचें गांव आहे. तेथील मोचिया मगरा, जावर माला इत्यादि डोंगरांच्या पोटांत शिसें व जस्त यांचें गंधकयुक्त खनिज असून त्यांत थोडी चांदीहि सांपडते. प्राचीन खाणकरी खडकाला लागून लांकडें रचीत, तीं पेटवून खडक तापवीत, आणि तडे गेले म्हणजे तो फोडून काढीत. खाणींत मिळालेल्या जुन्या लांकडांचें वय किरणोत्सर्गी कर्बाच्या आधारें मोजलें, तेव्हां तें इसवी सनापूर्वींच्या पांचव्या-चौथ्या शतकांपर्यंत मागें गेलें. आरंभींच्या खाणकऱ्यांना मुख्यतः शिसें व चांदी हवी असावी. जस्ताचा मोठा उद्योग येथें सुमारें बाराव्या-तेराव्या शतकांपासून दिसूं लागतो.

त्या उद्योगाचा पुरावा म्हणजे जावरच्या आसमंतांत पसरलेले मातीच्या वापरलेल्या मुशींचे ढीग. त्या मुशी कशा मांडीत असत, हें मात्र १९८३ सालीं उलगडलें. बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनीं मिळून केलेल्या उत्खननांत एका ओळींत बांधलेल्या सात भट्ट्या सांपडल्या, आणि त्यांतील कांहींत मुशी जागच्या जागीं होत्या. के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक या संशोधकांनीं त्यांचा सविस्तर अभ्यास केला.

प्रत्येक भट्टीला दोन मजले होते. वरच्या मजल्यांत अग्नि, खालच्यांत गारवा, आणि दोहोंच्या मध्यें भोंकें असलेली भाजल्या मातीची फरशी. मूस वांग्याच्या आकाराची. भाजलेल्या खनिजाची पूड, कोळशाची पूड, थोडें मीठ व इतर द्रव्यें मळून त्यांच्या लहान गोळ्या वळीत आणि मुशींत भरीत. मग मुशीच्या तोंडाला मातीची निमुळती नळी लिंपून बसवीत. अशी मूस तोंड खालीं करून, नळी फरशीच्या भोंकांतून खालच्या मजल्यांत उतरेल अशा बेतानें उभी करीत. एका भट्टींत अशा ३६ मुशी, सहा-सहांच्या सहा ओळींत असत. उलट्या मुशींतून गोळ्या खालीं सांडूं नयेत म्हणून नळींतून एक काडी आंत खोंवलेली असे. भट्टी तापून गोळ्या एकमेकींस चिकटेपर्यंत ती काडी आधार देई. नंतर ती जळून जाई आणि तिच्या जागीं वाफेला वाट मोकळी होई. वर सुमारें १,१०० ते १,२०० अंश उष्णता, खालीं जस्त वितळलेलें राहील इतकाच गारवा. आणि वाफ चढण्याऐवजीं उतरत येऊन थेंबथेंब भांड्यांत पडे. जें जस्त उघड्या भट्टीच्या धुराड्यांतून निसटून जात असे, त्याला मूस उलटी करून जमिनीकडे वळविलें, यांतच सारें रहस्य होतें.

या युक्तीचें वर्णन ग्रंथांतहि आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथांत रसकाचें सत्त्व काढण्यासाठीं 'वृन्ताकमूषा', म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस सांगितली असून तिची नळी बारा अंगुळें लांब व धोत्र्याच्या फुलासारखी फुलत गेलेली असावी असें म्हटलें आहे. रसकाबरोबर हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, टंकणखार वगैरे द्रव्यें घालावयाचीं. आधुनिक रसायनाच्या दृष्टीनें पाहिलें तर हळद, हिरडे व राळ जळून कोळसा पुरवितात आणि क्षार मिश्रण बांधून ठेवतात. ज्वाळा निळ्याची पांढरी झाली म्हणजे सत्त्व निघूं लागलें, अशी खूणहि ग्रंथकारानें दिली आहे. निळी ज्वाळा कर्बाच्या वायूची. पांढरी, पेट घेणाऱ्या जस्ताची. ही खूण अग्नीसमोर बसून टिपलेली आहे, यांत शंका नाहीं. पुण्याच्या आनंदाश्रमानें आपल्या संस्कृत ग्रंथमालेंत हा ग्रंथ छापला, आणि प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत त्याचें महत्त्व जगापुढें मांडलें.

युरोपांत हें कोडें सुटण्यास बराच काळ लागला. तेथें जस्त येई तें पूर्वेकडून, सतराव्या-अठराव्या शतकांत मुख्यतः चीनमधून, जहाजांतून. १७३८ सालीं ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन यानें जस्त काढण्याच्या रीतीचा एकाधिकार मिळविला, आणि १७४६ मध्यें जर्मन रसायनज्ञ मार्ग्राफ यानें खनिजांतून शुद्ध जस्त वेगळें करून दाखविलें. चँपियनच्या रीतींतहि वाफ मुशीच्या तळांतील नळीनें खालींच उतरत असे. चिनी रीति याहून निराळी होती. तींत वाफ वर चढून मुशीच्याच माथ्याशीं जमे. म्हणून चँपियनच्या कानीं मेवाडची वार्ता गेली होती कीं काय, असा तर्क पुष्कळांनीं केला आहे. तो सिद्ध झालेला नाहीं. आणि जावरची थोरवी त्यावर अवलंबूनहि नाहीं.

विचार करावयाचा तो निराळ्याच प्रश्नाचा. जी विद्या कित्येक शतकें अखंड चालली, ती नाहींशी कशी झाली? भट्टीला रोज लांकूड हवें, कोळसा हवा, कुंभार हवा, कारण जावरची प्रत्येक मूस एकदांच वापरून टाकून द्यावी लागे. आणि या सर्वांना शांतता व धान्य हवें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मेवाडाला हीं दोन्ही दुर्मिळ झालीं. गादीचे तंटे, शिंदे-होळकरांच्या फौजा व त्यांनीं वसूल केलेल्या खंडण्या, मागून पेंढाऱ्यांची लूट, आणि या सर्वांवर १८१२-१३ चा दुष्काळ, अशा आघातांनीं तो प्रदेश उजाड झाला. मराठी वाचकाला यांतील स्वकीयांचा भाग सुखावह वाटणार नाहीं. परंतु इतिहासांत तो वगळतां येत नाहीं. १८१८ मध्यें जेम्स टॉड इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून उदयपुरास आला, तेव्हां या खाणी बंद पडलेल्या होत्या. पुढें युरोपचें स्वस्त जस्त बाजारांत आलें आणि भट्ट्या पुन्हां पेटविण्याचें कोणाला कारणच उरलें नाहीं.

ग्रंथ तर शिल्लक होता; मग ग्रंथावरून विद्या पुन्हां उभी कां राहिली नाहीं? याचें उत्तर असें कीं ग्रंथ वैद्यांच्या व रसशास्त्र्यांच्या कपाटांत होता आणि विद्या जावरच्या कुंभारांच्या व भट्टीवाल्यांच्या हातांत होती. कोणती माती तडकत नाहीं, किती जाड लिंपण द्यावें, आंच केव्हां आवरावी, हें श्लोकांत मावत नाहीं; तें बापाच्या शेजारीं बसून मुलगा शिकतो. कारागीर पांगले तेव्हां ही साखळी तुटली. श्लोक तेवढा राहिला; आणि भट्टी न पाहिलेल्या वाचकाला तो औषधाची एक दुर्बोध कृति वाटला.

विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत जावरच्या खाणींचें काम पुन्हां सुरू झालें. परंतु खनिजापासून जस्त काढण्याचा कारखाना देशांत नव्हता. तेव्हां कांहीं काळ जावरचें खनिज जहाजांत भरून जपानला पाठवीत आणि तेथें जस्त काढून घेत. १९६६ मध्यें हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९६८ मध्यें उदयपूरजवळ देबारी येथें तिचा कारखाना चालू झाला. तेथील रीतींत भाजलेलें खनिज गंधकाम्लांत विरघळवून विजेच्या प्रवाहानें जस्त वेगळें केलें जातें. वाफ धरण्याचा प्रश्नच तींत उद्भवत नाहीं. १९८८ सालीं अमेरिकेंतील 'एएसएम इंटरनॅशनल' या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेनें जावरची गणना धातुविद्येच्या ऐतिहासिक स्थळांत केली.

त्या गौरवाच्या पुष्कळ आधींपासून जावरच्या रहिवाश्यांनीं आपल्या परीनें या मुशींचें चीज केलें आहे. भट्टींत भाजून कांचेसारख्या कठीण झालेल्या त्या रित्या मुशी एकीवर एक रचून त्यांनीं भिंती उभारल्या. आंत काय होतें आणि तोंड खालीं कां होतें, हें त्या गांवांत कोणाला ठाऊक उरलें नव्हतें. मूस तेवढी पक्की आहे, हें मात्र सर्वांना ठाऊक होतें.