फॉल्शन तलवारीच्या प्रतिकृती : संग्रह आणि तुलना

फॉल्शन ही मध्ययुगीन पश्चिम यूरोपातील एकधारी, एका हाताने चालवायची तलवार. तेराव्या ते सोळाव्या शतकांतील चित्रांत आणि शिल्पांत ती वारंवार दिसते. पाते आखूड किंवा मध्यम लांबीचे, बरेचदा टोकाकडे रुंद होत जाणारे. मूठ मात्र त्या काळच्या दुधारी तलवारीसारखीच : आडवी दांडी, लाकडी पकड आणि तिच्यामागे पॉमेल हा वजनी गोळा. अस्सल नमुने मोजकेच उरले आहेत आणि त्यांतले महत्त्वाचे संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. त्यामुळे अभ्यासक असो वा हौशी संग्राहक, त्याच्या हातात येते ती प्रतिकृतीच.  

मूळ नमुने. संग्राहकांची जवळजवळ सगळी चर्चा इंग्लंडमधील दोन तलवारींभोवती फिरते. त्या उत्तम अवस्थेत टिकल्या आणि त्यांची मापे प्रसिद्ध झाली, हे त्याचे कारण.

कॉन्यर्स फॉल्शन डरम कॅथीड्रलच्या संग्रहात आहे. एकूण लांबी सुमारे ८९ सेंमी., वजन सुमारे १.३ किग्रॅ. पाठ जवळपास सरळ, धार टोकाकडे फुगत गेलेली आणि पात्याची सर्वांत जास्त रुंदी टोकाजवळ. दांडी आणि पॉमेल तांब्याच्या मिश्रधातूची आहेत. दांडीवर ड्रॅगन कोरलेले, पॉमेलच्या एका बाजूस इंग्लंडचे तीन सिंह, दुसऱ्या बाजूस गरुड. हा गरुड कोणाचा, यावर एकमत नाही. काही जण तो १२५७ मध्ये जर्मनीचा राजा म्हणून निवडला गेलेल्या कॉर्नवॉलच्या रिचर्डचा मानतात, तर काही नॉर्थम्ब्रियाचा अर्ल मॉर्कार याच्याशी जोडतात. कालनिर्णय बहुधा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला दिला जातो.

या तलवारीची दंतकथा तिच्याहून अधिक प्रसिद्ध आहे. टीझ नदीच्या वळणात वसलेल्या सॉकबर्न येथे एका सर्पासुराने उच्छाद मांडला होता आणि सर जॉन कॉन्यर्स यांनी याच शस्त्राने त्याला मारले, अशी ती कथा. डरमचा नवा बिशप आपल्या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकी तेव्हा सॉकबर्नच्या जहागीरदाराने नदीच्या उतारावर किंवा क्रॉफ्टच्या पुलावर ही तलवार त्याच्यापुढे धरायची. बिशप ती हाती घेऊन परत करी. जहागिरीचा हक्क या सेवेवर टिकून होता. १८२६ मध्ये बिशप व्हॅन मिल्डर्ट यांच्यासाठी हा विधी झाला आणि पुढे दीर्घकाळ बंद राहिला. १९४७ मध्ये तलवार कॅथीड्रलकडे आली. १९८४ मध्ये बिशप डेव्हिड जेंकिन्स यांच्या आगमनाच्या वेळी विधी पुन्हा सुरू झाला. आता हा मान डार्लिंग्टनच्या महापौरांकडे असतो. लुईस कॅरल यांचे वडील क्रॉफ्टला रेक्टर होते, म्हणून त्यांच्या ‘जॅबरवॉकी’ कवितेचे मूळ या कथेत शोधले जाते. ते संभाव्य आहे, सिद्ध नाही. तुलनेच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचा एक ठोस उपयोग आहे. ही तलवार मातीत गेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या सॉकबर्नच्या जहागीरदारांनी सांभाळली. म्हणून तिच्या पात्याची जाडी विश्वासाने मोजता येते.

थॉर्प फॉल्शन नॉरिच कॅसल संग्रहालयात आहे. एकूण लांबी सुमारे ९६ सेंमी., पैकी पाते ८० सेंमी.; वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. पाते कॉन्यर्सपेक्षा अरुंद आणि सडपातळ, टोकाजवळ पाठीला कापल्यासारखा खोलगट उतार. भोसकणे आणि कापणे दोन्ही साधणारी ही रचना आहे. कॉन्यर्सपेक्षा ती लांब असून जवळपास एक तृतीयांशाने हलकी आहे, आणि दोन्ही तलवारी फॉल्शनच म्हणवतात. या एका नोंदीवरूनही ‘फॉल्शनचे वजन किती असावे’ हा सर्रास विचारला जाणारा प्रश्न अपुरा ठरतो.

पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातही एक नमुना असून त्याच्याही प्रतिकृती निघतात.

चित्रांवरून केलेल्या प्रतिकृती. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील सचित्र बायबल १२४०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाले. क्राकूचे कार्डिनल मात्सेयोव्स्की यांनी ते इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवले, त्यामुळे त्याच्या पानांच्या कडांना फार्सी मजकूरही आहे. त्यातील लढायांत अवाढव्य, टोकाला आकड्यासारखे वळलेले एकधारी पाते दिसते. तसे शस्त्र प्रत्यक्षात एकही सापडलेले नाही. तरीही त्याच्या प्रतिकृती बनतात आणि विकल्या जातात. त्यांच्या बाह्यरेषेला आधार आहे, जाडीला आणि वजनाला कोणताच नाही. संग्रहात त्यांना जागा द्यायला हरकत नाही, परंतु कॉन्यर्स किंवा थॉर्पच्या पंगतीला बसवून तुलना करू नये. येशूच्या अटकेच्या प्रसंगात शिष्य पीटर माल्खस या सेवकाचा कान कापतो, त्या चित्रांतही फॉल्शन दिसते. मात्र चित्रकाराने शस्त्राचे माप किती काटेकोर घेतले असेल हा प्रश्न तिथेही राहतोच.

जाडी. प्रतिकृतीची पारख येथे होते. फॉल्शन म्हणजे तलवारीच्या मुठीचा कोयता, असा समज चित्रे पाहून होतो आणि स्वस्त प्रतिकृती तो पक्का करतात : जाड, बोजड, टोकाकडे झुकलेल्या. कोयत्याला लाकूड, हाड, बांबू तोडायचा असतो, म्हणून पाठ जाड लागते. फॉल्शनच्या पात्याचे काम प्रामुख्याने कापड व मांस कापणे होते, आणि अस्सल नमुन्यांत ते टोकाकडे आश्चर्य वाटावे इतके पातळ होत जाते. कॉन्यर्सची टोकाजवळची जाडी दोन मिलिमीटरहून कमी आहे. रुंदी वाढते तशी जाडी घटते, म्हणून एवढे रुंद पाते एका हाताने फिरवता येते.

कारखान्यात हे महागात पडते. एकाच जाडीच्या पोलादी पट्टीतून आकार कापून फक्त धार घासली की काम लवकर आटोपते. मुठीपासून टोकापर्यंत जाडी हळूहळू उतरवायची तर घासण्याचे तास वाढतात आणि पातळ पाते पाणी देताना वाकडे होण्याची भीती असते. फरक किती पडतो हे साध्या हिशेबाने कळते. टोकाजवळचा १० सेंमी. रुंद, २० सेंमी. लांब भाग घेतला आणि त्याची जाडी एकाच मिलिमीटरने वाढवली, तर सुमारे १५७ ग्रॅम पोलाद वाढते. ते वजन मनगटापासून सर्वांत दूर असते, आणि तलवार फिरवताना होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मूठ जड करून तोल मागे आणला तरी हा विरोध कमी होत नाही. म्हणूनच केवळ एकूण वजन आणि तोलबिंदू यांवरून केलेली तुलना फसवी ठरते.

संग्राहकाने पात्याची जाडी कॅलिपरने निदान पाच ठिकाणी मोजावी : मुठीलगत, पाव, अर्ध्या व पाऊण लांबीवर आणि टोकापासून चार-पाच सेंटिमीटर आत. त्यासोबत त्या त्या ठिकाणची रुंदीही नोंदवावी. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात बहुधा मुठीजवळची एकच जाडी असते. ती जवळजवळ निरुपयोगी आहे. सरावासाठी बोथट धारेच्या प्रतिकृती निघतात. सुरक्षिततेसाठी त्यांची कड जाड ठेवावीच लागते, तेव्हा त्यांची तुलना धारदार प्रतिकृतींशी नको.

मूठ व जोडणी. मुठीत जाणारे पात्याचे शेपूट पॉमेलमधून आरपार काढून टोक ठोकून बसवलेले असावे. पेच व नट असलेली जोडणी दुरुस्तीला सोपी, पण मूळ पद्धत ती नव्हे. कॉन्यर्सच्या प्रतिकृतीत कोरीव ड्रॅगन आणि सिंह कितपत उठावदार आहेत यावर खरेदीदार फार वेळ घालवतात. शस्त्र म्हणून त्याने काही बदलत नाही.

निर्माते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील आल्बियन आणि मिनेसोटातील आर्म्स अँड आर्मर, इंग्लंडमध्ये टॉड्स वर्कशॉप, इटलीत मानियागो येथील देल तिन ही नावे या क्षेत्रात परिचित आहेत. भारताचा वाटा मोठा आहे. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ मध्ये गुरखा सैनिकांच्या खुकऱ्या बनवत सुरू झाली आणि आज यूरोपीय तलवारींच्या प्रतिकृती जगभर पाठवते. मेरठची दीपिकाही याच धंद्यात आहे. भारतीय संग्राहक मात्र अजून थोडे आहेत.

वर्गवारी. इवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांची दहापासून बावीसपर्यंत रोमन आकड्यांची प्रसिद्ध वर्गवारी दुधारी तलवारींची आहे. फॉल्शन तिच्यात बसत नाही. ब्रिटिश संशोधक जेम्स एल्मस्ली यांनी एकधारी तलवारींची स्वतंत्र वर्गवारी मांडली असून पात्याचा आकार हा तिचा मुख्य आधार आहे. प्रतिकृतींच्या वर्णनात ती आता रूढ होत आहे.

वापर. खास फॉल्शनसाठी लिहिलेली युद्धपुस्तिका उपलब्ध नाही. आज सराव करणारे जर्मन मेसर या जवळच्या शस्त्रावरील हान्स लेक्युखनर यांच्या १४८२च्या ग्रंथाचा आधार घेतात. मेसरची मूठ सुरीसारखी, शेपटाच्या दोन्ही बाजूंना खिळलेल्या पट्ट्यांची असते आणि दांडीशेजारी हात झाकणारा खिळा असतो. त्या खिळ्यावर बेतलेले डाव फॉल्शनला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कायदा. ब्रिटनमध्ये २००८ पासून ५० सेंमी. किंवा अधिक लांबीच्या वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर व आयातीवर निर्बंध आहेत. पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्यांना सवलत आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. तलवार शस्त्रांच्या यादीत येते. परवाना लागतो की नाही हे त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरते. परदेशातून मागवण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी.

देखभाल. प्रतिकृतींचे पाते बहुधा कार्बन पोलादाचे असल्याने गंजते. खनिज तेलाचा पातळ थर पुरतो. मुंबई, कोकण, गोवा येथील दमट हवेत तलवार कातडी म्यानात ठेवू नये. कातडे ओल धरते.